दवंडीवाली आणि सुसरमासा

फार पूर्वी, राजाचा हुकूम ढोलाच्या आवाजावरच लोकांपर्यंत पोचायचा, त्या काळी एका मोठ्या तळ्याच्या काठी एक दवंडीवाली राहत होती. तिचं नाव म्हाळसा. लहानथोर सगळे तिला म्हाळसाक्का म्हणत.

दवंडी देण्याचं काम आधी तिच्या नवऱ्याचं होतं. तो वारला तेव्हा कोतवाल नवा माणूस शोधू लागला. तो सापडायच्या आत म्हाळसानं खुंटीवरचा ढोल गळ्यात अडकवला आणि चावडीपुढे जाऊन उभी राहिली. "बाईमाणूस दवंडी देणार?" असं म्हणून लोक हसले. तिनं टिपरू उचललं आणि असा ढोल वाजवला की टेकडीवरच्या राजवाड्याच्या सज्ज्यावरची कबुतरं उडाली. त्यानंतर कुणी हसलं नाही. तिचा आवाज टेकडीपलीकडे जाई. भांडतानाही ती तोच आवाज वापरी, त्यामुळे तिच्याशी भांडायला सहसा कुणी जात नसे.

गाव तळ्यावर जगत होतं. तळ्यात मळ्ये मासे होते, झिंगे होते, बोटभर लांबीचे चंदेरी मासे तर इतके की ओंजळ बुडवली तरी दोन हाताला लागत. काठच्या लव्हाळ्यात बदकं अंडी घालत. उथळ पाण्यात शिंगाडे होत. प्यायचं पाणी त्याच तळ्याचं, धुणं त्याच तळ्यावर आणि संध्याकाळच्या गप्पाही तिथल्याच पायऱ्यांवर.

एकदा दूरदेशीचा एक व्यापारी गाढवांवर काचेच्या हंड्या लादून गावात आला. प्रत्येक हंडीत अंगठ्याएवढा एक मासा. अंग रुपेरी, त्यावर काळे ठिपके, आणि तोंड मात्र सुसरीसारखं लांब आणि चपटं. असा मासा त्या मुलखात कुणी पाहिला नव्हता. लोकांनी त्याचं नाव सुसरमासा ठेवलं.

पहिला मासा राजानं घेतला आणि राजवाड्याच्या बागेतल्या संगमरवरी हौदात सोडला. राजाकडे आहे म्हटल्यावर सरदारांना हवा झाला. सरदारांचा बघून सोनाराला, सोनाराचा बघून तेल्याला. बघता बघता गावातल्या कितीतरी घरांत ओट्यावर काचेची हंडी आली आणि तिच्याभोवती पोरांचा घोळका.

व्यापारी निघाला त्या सकाळी त्याच्याकडे एकच मासा उरला होता. तो कुशीवर कलंडून पाण्यावर तरंगत होता. व्यापारी हंडी रस्त्याकडेला ओतणार, एवढ्यात म्हाळसानं आपला लोटा पुढे केला.

"बाई, हा मरणार आहे," व्यापारी म्हणाला.

"मग माझ्या घरी मरेल," म्हाळसा म्हणाली.

पण तो मेला नाही. म्हाळसानं त्याचं नाव चंपू ठेवलं. आधी डासांच्या अळ्या, मग गांडुळं, मग बेडकांची पिल्लं, असं काय काय आणून ती त्याला भरवू लागली. नवरा गेल्यापासून त्या घरात बोलायला कुणी नव्हतं. आता नवा हुकूम आला की ती आधी हंडीपुढे बसून तो म्हणून बघे. चंपू लांब तोंड काचेला टेकवून निश्चल राही. म्हाळसाला वाटे, तो ऐकतोय. काचेवर बोटानं टकटक केलं की तो वर येई, आणि तेवढ्यानं तिचा दिवस चांगला जाई.

इतरांचे मासे थोड्याशा खाण्यावर हंडीतच खुरटून राहिले, चंपू मात्र वाढत होता. हंडी पुरेना तेव्हा तिनं त्याला रांजणात ठेवलं. रांजण पुरेना तेव्हा अंगणातल्या दगडी डोणीत. आता त्याला रोज टोपलीभर मासळी लागे. एकदा शेजारणीचं बदकाचं पिल्लू डोणीच्या काठावर चढलं आणि आत पडलं, ते परत निघालं नाही. म्हाळसानं शेजारणीला आपली एक कोंबडी दिली आणि डोणीवर फळ्या टाकल्या. लेकरू आहे, त्याला काय कळतंय, असं ती स्वतःशीच म्हणाली, आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

मग पश्चिमेकडून काही माणसं गाठोडी घेऊन गावात राहायला आली. त्यांच्यात बायजा नावाची एक तरुण कोळीण होती. ही सगळी दुसऱ्या एका तळ्याकाठची माणसं. व्यापारी त्यांच्याही गावात गेला होता. तिथंही मासे हंडीत मावेनासे झाले, आणि लोकांनी ते तळ्यात सोडून दिले. आता त्या तळ्यात सुसरमाशांशिवाय काही उरलं नव्हतं. मासळी संपली, बदकांची पिल्लं संपली. डासांच्या अळ्या खाणारे लहान मासेच नाहीत म्हटल्यावर डास माजले आणि घरोघरी माणसं तापानं अंथरुणाला खिळली. शेवटी सुसरमासे एकमेकांना खाऊ लागले आणि लोकांनी गाव सोडलं.

ही हकिगत प्रधानाच्या कानावर गेली. तो शहाणा माणूस होता. त्यानं राजाला सांगून हुकूम काढायला लावला, आणि कोतवाल तो हुकूम घेऊन म्हाळसाच्या घरी आला.

"म्हाळसाक्का, ढोल घ्या. महत्त्वाचं आहे," कोतवाल म्हणाला, आणि उभ्या उभ्या त्यानं हुकूम सांगितला. "सुसरमासा पाळायला आजपासून बंदी. ज्याच्या घरी असेल त्यानं तो बाजाराच्या दिवसाआधी चावडीवर आणून द्यावा. तळ्यात, ओढ्यात, विहिरीत कुठंही सोडू नये. जो ठेवील किंवा सोडील त्याला शिक्षा होईल. यातून राजवाड्याचा हौद तेवढा वगळला आहे."

म्हाळसानं शांतपणे ऐकून घेतलं. "चावडीवर आणलेल्या माशांचं काय करणार?"

"मारणार. दुसरं काय?"

"आणि महाराजांचा मासा?"

"तो महाराजांचा आहे."

म्हाळसानं खुंटीवरून ढोल काढला. कोतवालाला वाटलं, निघाली. पण तिनं ढोल त्याच्या हातात दिला आणि वर टिपरूही ठेवलं.

"दुसरं कुणी बघा. माझ्या गळ्यानं माझ्याच घरावर दवंडी मी देणार नाही. आणि माझा मासाही देणार नाही. महाराजांचा मासा हौदात सुखानं पोहतो, मग माझ्याच माशानं काय घोडं मारलंय?"

कोतवालानं आपल्या एका शिपायाकडून दवंडी देववली. शिपायाचा आवाज दोन घरांपलीकडे जाईना. पण म्हाळसाक्कानं हुकूम परत पाठवला, ही बातमी मात्र ढोलाशिवायच गावभर झाली.

काही लोकांनी निमूटपणे मासे नेऊन दिले. पण बरेचजण थांबले. तेली म्हणाला, "आक्का देत नाही तोवर मी देत नाही." सोनाराची म्हातारी आई तर काठी टेकत म्हाळसाच्या अंगणात आली आणि म्हणाली, "तू हटू नकोस गं. तू उभी आहेस म्हणून मी उभी आहे."

म्हाळसाला ते आवडलं. आयुष्यभर तिनं दुसऱ्याचे हुकूम आपल्या तोंडानं सांगितले होते. आज पहिल्यांदा लोक तिचं स्वतःचं म्हणणं ऐकत होते. कोतवालाचे शिपाई आले तेव्हा ती डोणीवर बसून भाजी निवडत होती. "उचला," ती म्हणाली, "आधी मला उचला, मग फळ्या उचला." शिपाई एकमेकांकडे बघत परत गेले.

बाजाराच्या आदल्या दिवशी कोतवालानं निरोप धाडला. उद्या तो स्वतः येणार होता, पहारी घेऊन. डोणच फोडायची असं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर म्हाळसानं डोणीवरच्या फळ्या काढल्या. चंपू आता तिच्या हाताएवढा लांब झाला होता. त्याला शिपायांनी काठ्यांनी मारलेलं ती बघू शकणार नव्हती. तिनं मनाशी ठरवलं. तुमच्या हाती देण्यापेक्षा तळ्याला देईन, मग बसा शोधत. तिनं मोठ्या तोंडाचा हंडा पाण्यानं भरला, ओल्या फडक्यात धरून चंपूला त्यात घातलं, वर टोपली झाकली आणि भर सकाळी, कुणापासूनही न लपवता, हंडा कमरेवर घेऊन तळ्याची वाट धरली.

तळ्याच्या एका कोपऱ्यात बायजा गुडघाभर पाण्यात उभी होती. तिनं तिथं दगडमातीचा एक लहानसा बांध घालून पाणी अडवलं होतं. पकडलेली मासळी त्या अडवलेल्या पाण्यात जिवंत ठेवायची आणि बाजाराच्या दिवशी ताजी विकायची, अशी तिची रीत होती. पाणी लहान माशांनी नुसतं चमचमत होतं.

"हंड्यात काय आहे, आक्का?" बायजानं विचारलं. तिला दिसलं होतंच.

"चंपू आहे. सोडायला आणलाय. तू कोतवालाला सांगणार असशील तर खुशाल सांग."

"मी कशाला सांगू?" बायजा बाहेर आली आणि लुगड्याचा काठ पिळत बांधावर बसली. "सोडायचाच आहे ना, तर आधी इथं सोडा. माझ्या बांधात."

"तुझी मासळी आहे त्यात. खाईल तो."

"खाऊ दे. तुम्ही फक्त बघा. त्यानंतरही तळ्यात सोडावासा वाटला तर सोडा, मी हात धरणार नाही."

म्हाळसाला हे बोलणं विचित्र वाटलं. पण माघार घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं हंडा तिरका केला. चंपू पाण्यात उतरला.

आधी तो हललाच नाही. पाण्यात पडलेल्या लाकडासारखा पडून राहिला. लहान मासे त्याच्या जवळून जात राहिले. एक तर त्याच्या तोंडावरून गेला. म्हाळसा म्हणाली, "बघ, किती शांत आहे."

मग चंपूनं तोंड एका बाजूला झटकलं. इतकं झटकन, की काय झालं ते दिसलंही नाही. फक्त एक मासा कमी झाला. पुन्हा झटका. पुन्हा एक. नंतर तो लाकडासारखा राहिलाच नाही. अडवलेलं पाणी ढवळून निघालं. मासे उड्या मारून बांधावर पडू लागले, तिथं तडफडू लागले. त्याचं पोट भरलं असणार, कारण आता तो गिळत नव्हता. पकडायचा, चावायचा, टाकायचा, आणि पुढच्याच्या मागे जायचा.

"चंपू," म्हाळसानं हाक मारली. ती पाण्याशी वाकली आणि बांधाच्या दगडावर बोटानं टकटक केलं. घरी एवढ्यावर तो वर यायचा. तिनं पुन्हा टकटक केलं, मग मुठीनं दगड बडवला. चंपूनं तिच्याकडे बघितलंही नाही.

थोड्याच वेळात पाणी शांत झालं. त्यात पोहणारं आता काहीच नव्हतं. अर्धवट चावलेले मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते, आणि त्यांच्या मधोमध चंपू पुन्हा लाकडासारखा निश्चल पडला होता. त्याचं तोंड तसंच होतं, घरी काचेला टेकवायचा तसंच.

बायजाची सगळी मासळी गेली होती.

म्हाळसा म्हणाली, "त्याचा दोष नाही गं."

"नाही. माशाला दोष आमच्या गावातही कुणी दिला नाही," बायजा म्हणाली. "तो जिथला आहे तिथं त्याच्याहून मोठे मासे असतील, त्याला खाणारे. इथं कुणी नाही. आणि आमच्याकडे ज्यानं पहिला सोडला ना, तो भला माणूस होता, आक्का. त्याला जीव मारवेना, म्हणून सोडला."

म्हाळसा समोरच्या मोठ्या तळ्याकडे बघत राहिली. लव्हाळ्यातून एक बदक बाहेर पडलं, मागे पिल्लांची रांग. पलीकडच्या पायऱ्यांवर बायका घागरी भरत होत्या. तिनं पदर खोचला आणि बांधातल्या पाण्यात उतरली.

चंपू सहजासहजी हाती लागला नाही. बायजानं एकीकडून टोपली धरली, म्हाळसानं दुसरीकडून. तो म्हाळसाच्या मनगटाला चावला. रक्त आलं. तिनं हात मागे घेतला नाही. तसाच धरून त्याला हंड्यात घातलं, वर टोपली झाकली आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर. आज तुझा बाजार बुडाला तो माझ्यामुळे. त्याची भरपाई मी करीनच. पण आधी हे काम आहे."

ती बाजारपेठेतून सरळ चावडीकडे निघाली. लोक दुकानांतून बाहेर आले. हंडा बघून त्यांना काय ते कळलं. तेली रस्त्यात आडवा आला.

"आक्का, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा," म्हाळसा म्हणाली.

सोनाराची म्हातारी आई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "तुझ्या भरवशावर मी माझा ठेवला गं."

म्हाळसा थांबली. "काकू, मी तुम्हाला चुकीच्या वाटेनं नेलं. महाराजांचा मासा राहतो म्हणून माझाही राहिला पाहिजे, असं मी धरून बसले. उलटं आहे ते. माझा जाणार, म्हणून त्यांचाही गेला पाहिजे. तुम्ही तुमचा अजून देऊ नका. हंडीतच ठेवा, तळ्याकडे मात्र नेऊ नका. आधी मला टेकडीवर महाराजांकडे जाऊन येऊ द्या."

चावडीवर कोतवाल पहारींची जमवाजमव करत होता. म्हाळसाला बघून तो हसला. "आली का अक्कल?"

"आली," म्हाळसा म्हणाली. "काठ्या नकोत. एका घावात, धारदार कोयत्यानं करा. आणि होईपर्यंत मी त्याला धरणार."

कोतवालाचं हसू मावळलं. तिनं सांगितलं तसंच झालं. तिनं ओल्या फडक्यात चंपूला धरलं, आणि सगळं संपल्यावरही थोडा वेळ धरून ठेवलं. मग चावडीमागच्या आंब्याखाली स्वतः खड्डा केला. ती रडली. सगळ्यांसमोर रडली, तोंड लपवलं नाही. हात धुऊन आली तेव्हा तिचा आवाज नेहमीचा होता.

"आता माझा ढोल द्या."

कोतवालानं आनंदानं दिला. शिपायाच्या आवाजानं तोही कंटाळला होता.

म्हाळसानं पेठेच्या मधोमध उभं राहून टिपरू मारलं. "ऐका हो ऐका. सुसरमासा पाळायला या राज्यात बंदी आहे. ज्याच्या घरी असेल त्यानं तो चावडीवर आणून द्यावा. तळ्यात सोडू नये, ओढ्यात सोडू नये, विहिरीत सोडू नये. जो ठेवील त्याला शिक्षा, जो सोडील त्याला शिक्षा. मग तो कुणीही असो."

कोतवाल धावत तिच्याजवळ आला. "शेवटचं वाक्य हे नव्हतं. हौदाचं राहिलं."

"राहिलं नाही. घेतलंच नाही."

"हुकमाचे शब्द बदलणं गुन्हा आहे, म्हाळसाक्का."

"माहीत आहे. मी कुठं पळून चाललेय? राजवाड्यातच निघालेय," असं म्हणून ती टेकडी चढू लागली. वळणावळणावर थांबून ढोल वाजवी आणि तीच दवंडी देई. बायजा तिच्या मागे होती. मग तेली निघाला, आपली हंडी डोक्यावर घेऊन. सोनार आला. त्याच्या म्हाताऱ्या आईला दोघांनी खुर्चीत बसवून उचलून आणलं, तिची हंडी तिच्या मांडीवर. राजवाड्याच्या दारापर्यंत पोचेस्तोवर मागे एवढी माणसं झाली की पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले.

शेवटची दवंडी म्हाळसानं दाराशी उभं राहून दिली. सज्ज्यावरची कबुतरं उडाली. राजा बाहेर आला, पाठोपाठ प्रधान.

"हा हुकूम आम्ही काढलेला नाही," राजा म्हणाला. "आमच्या हुकमात हौद वगळलेला आहे."

"होय महाराज. मीच तेवढं गाळलं."

"का?"

"घशातून निघेना."

राजाच्या कपाळावर आठी पडली. "बाई, आमचा हौद चार भिंतींच्या आत आहे. तिथला मासा तळ्यात कसा जाईल?"

"माझी डोणही भिंतीच्या आतच होती. तरी आज सकाळी मी माझा मासा तळ्याच्या काठापर्यंत नेलाच होता. अजून चार पावलं टाकली असती तर तुमचा हुकूम आणि तुमचं तळं, दोन्ही संपली असती." तिनं मागच्या लोकांकडे हात केला. "यांच्या हातात बघा. प्रत्येकाच्या घराला भिंती आहेत. आणि तुमचा हौद पावसाळ्यात भरून वाहू लागला की त्याचा पाट कुठं जातो, ते बागेतल्या माळ्यालाही ठाऊक आहे आणि तुम्हालाही."

प्रधान खाली बघत राहिला. हौद वगळल्याचं वाक्य हुकमात घालू नका, असं त्यानंही राजाला सुचवलं होतं, पण दुसऱ्यांदा सांगायचं धैर्य त्याला झालं नव्हतं.

"आणि आम्ही दिला नाही तर?" राजानं विचारलं.

"तर मी उद्या त्याचीही दवंडी देईन. राजाचा हुकूम राजवाड्याच्या पायरीशी थांबतो, अशी. ढोल काढून घेतलात तर तोंडानं देईन. महाराज, हे लोक वाईट नाहीत. मासा द्यायला तयार आहेत. पण ज्या कायद्यातून तुम्ही स्वतःला सोडवून घेतलंत, त्यातून प्रत्येकजण आपापली वाट काढणार. कुणी लपवून ठेवणार, कुणी चोरून सोडणार. तळं रिकामं व्हायला एक वाट पुरते."

पहारेकऱ्यांचे भाले अजून आडवेच होते. कुणी मागे सरकलं नाही. सोनाराच्या आईनं मांडीवरची हंडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

राजाची नजर म्हाळसाच्या मनगटाकडे गेली. तिथं दातांच्या खुणा होत्या आणि रक्त सुकलेलं होतं.

"तुझा मासा दिलास?"

"दिला."

"रडलीस?"

"रडले."

"आणि आता इथं उभी राहून मला काय सांगतेस? मीही रडावं?"

"होय महाराज," म्हाळसा म्हणाली. "तेवढंच सांगायला आलेय."

राजाचा राग त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता, आणि म्हाळसाची मान तशीच ताठ होती. मग तो वळला आणि बागेकडे चालू लागला. लोकांना वाटलं, संपलं, आता शिपाई येणार. पण जाता जाता राजानं माळ्याला हाक मारली आणि हौदाचं पाणी काढायला सांगितलं.

हौदातला सुसरमासा माणसाएवढा झाला होता. चार जणांनी झोळीत घालून त्याला चावडीवर आणलं. राजा झोळीबरोबर पायी चालत आला आणि संपेपर्यंत तिथं उभा राहिला. त्याच्या पाठोपाठ तेल्यानं आपली हंडी पुढे केली, मग सोनारानं, मग एकेकानं. सोनाराच्या आईनं आपली हंडी स्वतः कोतवालाच्या हातात दिली आणि म्हणाली, "सांभाळून रे," आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन डोळ्यांना पदर लावला.

म्हाळसाला शिक्षा झालीच. हुकमाचे शब्द बदलले म्हणून राजानं एक वर्षभर तिचा ढोल काढून घेतला. प्रधानाला वाटलं, ही आता ओरडून टेकडी हलवील. पण ती म्हणाली, "हा नियम मला माहीत होता, मोडताना माहीत होता," आणि ढोल आपल्या हातानं चावडीच्या खुंटीला अडकवून आली. ते वर्ष ती बायजाबरोबर टोपली घेऊन तळ्यात उभी राहिली. बायजाची बुडालेली मासळी तिनं अशी भरून दिली. बाजारात ओरडून मासळी विकायला तिच्या आवाजाचा चांगलाच उपयोग झाला.

त्या पावसाळ्यात राजवाड्याचा हौद नेहमीसारखा भरला आणि पाटानं खळखळत टेकडी उतरून तळ्याला मिळाला. त्यातून फक्त पाणी गेलं.

तात्पर्य: आपल्या लाडक्या गोष्टीलाही जो नियम लावून घेतो, त्यालाच राजाच्या दारात ताठ मानेनं उभं राहून तो नियम मागता येतो.